धांव आणि टायर

धाराशिव शहरांत टायरच्या दुकानापुढें उभा असलेला तरुण दुकानदाराला बहुधा एकच प्रश्न विचारतो : "काका, ह्यापेक्षां जाड कोणता बसेल?" त्याची मोटारसायकल लहानच असते, दीडशें किंवा दोनशें घनसेंटिमीटर यंत्राची, पण तिचें रूप शर्यतीच्या गाडीचें असतें. टांकी फुगीर, शेपूट उचललेली, आणि बसणारानें पुढें ओणवें व्हावें अशी मूठ. मागच्या चाकाचें रबर झिजून मध्यभागीं सपाट झालेलें असतें, मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो आणि खिशांत पैसे बेताचे असतात. दुकानदार वरच्या खुंटीवरून चार टायर खालीं काढतो, तरुण ते अंगठ्यानें दाबून पाहतो, आणि ज्याची नक्षी अधिक उग्र व रुंदी अधिक तो उचलतो. ह्या निवडीला पांच मिनिटें लागतात. पुढें दोन-तीन वर्षें त्याचा आणि त्याच्या मागें बसणाराचा जीव त्या पांच मिनिटांच्या आधारानें फिरत असतो.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाहीं. चाकाच्या कडेला काय लावावें, तें किती रुंद असावें, आणि तें ठरवितांना रस्त्याकडे पाहावें, ओझ्याकडे पाहावें कीं आपल्या हौसेकडे पाहावें, ह्याचें उत्तर ह्या जिल्ह्यांतील लोकांना पूर्वींही द्यावें लागलेलें आहे.

तेरणा नदीच्या कांठचें तेर हें गांव महाराष्ट्राला ठाऊक आहे तें गोरोबा कुंभारांचें गांव म्हणून. परंतु गोरोबांच्या कितीतरी आधीं, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, एका ग्रीक खलाशी व्यापाऱ्यानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक सागरी वाटाड्या-ग्रंथांत 'तगर' ह्या मोठ्या शहराचा उल्लेख आला आहे. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेलें हें तगर म्हणजेच तेर, असें फ्लीट ह्या विद्वानानें १९०१ मध्यें प्रतिपादिलें आणि तें पुढें मान्य झालें. तगराहून जाडेंभरडें कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल भरूच बंदराकडे जात असे. ती कशी जात असे, हेंही ग्रंथकारानें सांगितलें आहे : गाड्यांतून, आणि विस्तीर्ण बिनवाटेच्या मुलुखांतून. गाड्या होत्या, माल होता, परदेशीं गिऱ्हाईक होतें. रस्ता तेवढा नव्हता. अशा मुलुखांत बैलांच्या खालोखाल भरंवसा ठेवावयाचा तो चाकावर, आणि चाकांतही जो भाग मातीला लागतो त्यावर.

गाडीच्या लांकडी चाकाला लोखंडाची जी पट्टी चढवितात तिला मराठींत धांव म्हणतात. पळण्याला आणि ह्या पट्टीला एकच शब्द असावा, हा भाषेचा विनोद कीं शहाणपण, हें ज्याचें त्यानें ठरवावें. सुतारानें बाभळीच्या लांकडाचा तुंबा करावा, त्यांत आरे ठोकावे, आऱ्यांवर घेराचे वांकडे तुकडे म्हणजे पुठे बसवावे. मग काम लोहाराकडे जाई. तो चाकाच्या घेरापेक्षां किंचित् लहान घेराची धांव करी. गोवऱ्यांच्या रचलेल्या जाळांत ती लाल होईपर्यंत तापवावयाची. तापली म्हणजे ती फुगून मोठी होते. दोघातिघांनीं ती सांडशींनीं उचलून चाकावर घालावयाची, घणाच्या घावांनीं बसवावयाची, आणि लांकूड धुमसूं लागतांच वर घागरींनीं पाणी ओतावयाचें. धांव आवळते आणि आपल्याबरोबर सगळें चाक आवळून घेते. घेर मोठा राहिला तर ती चार मैलांवर निसटावयाची. फार लहान झाला तर पुठे दबून आरे वांकडे व्हावयाचे. चाक आणि धांव ह्यांची मापें एकमेकांस जुळलींच पाहिजेत, हें खेड्यांतल्या लोहाराला पुस्तकावांचून ठाऊक होतें. गाडीवाल्यानें कितीही घाई केली तरी तो आधीं दोरीनें चाक मोजून घेई.

ही धांव अरुंद असे, जेमतेम दोन बोटें रुंद. तेवढ्याशा कडेवर पंधरा-वीस मणांचें ओझें येई. कच्च्या वाटेवर त्याचें कोणाला कांहीं वाटत नसे. परंतु मुरूम आणि खडी दाबून पक्क्या सडका होऊं लागल्या तेव्हां भांडण सुरू झालें. लोखंडाची ती अरुंद कड खडीचा भुगा करी, चाकोऱ्या पाडी, आणि पहिल्या पावसांत त्या चाकोऱ्यांचे ओढे होत. इंजिनियर म्हणत, धांव रुंद करा. शेतकऱ्याच्या बाजूनेंही बोलण्यासारखें पुष्कळ होतें. रुंद धांवेला लोखंड अधिक लागतें, तें महाग. आणि काळ्या रानांत पाऊस पडल्यावर रुंद कडेला चिखलाचे लपके चिकटून बैलांच्या मानेवरचें ओझें वाढतें. अरुंद धांव चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोहोंचते. ज्याचा रस्ता त्याला रुंद चाक हवें होतें आणि ज्याचे बैल त्याला अरुंद. दोघेही आपापल्या जागीं खरे होते.

हिंदुस्थानांतील रस्त्यांचा विचार करण्यासाठीं १९२७ मध्यें सरकारनें जी समिति नेमली तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर हे होते. पेट्रोलवर गॅलनमागें दोन आणे जादा कर घेऊन तो रस्त्यांकडे लावावा, अशी त्या समितीची शिफारस होती. तीप्रमाणें १९२९ मध्यें मध्यवर्ती रस्तेनिधि उभा राहिला आणि १९३४ मध्यें इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनियरांची संस्था निघाली. बैलगाडीच्या लोखंडी चाकाखालीं सडक कशी टिकवावी, हा त्या संस्थेपुढील एक नित्याचा विषय होता. धाराशिव तेव्हां उस्मानाबाद ह्या नांवानें निजामाच्या राज्यांत मोडत असे, म्हणून येथला कारभार निराळा होता. परंतु काळी माती, मुरूम आणि बैल ह्यांना संस्थानाची हद्द ठाऊक नव्हती.

ओझें आणि वाट ह्यांचें गणित ह्याच भागांत एका माणसानें फार सुरेख सोडवून दाखविलें होतें, पण तें रुळांवर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियरानें १८९७ मध्यें बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फूट रुंदीची ती छोटी गाडी पुढें येडशी, तडवळे, ढोकी अशी ह्या जिल्ह्यांतून जाऊन १९११ मध्यें लातुरास पोहोंचली. लहान रुळांवर मोठें ओझें नेतां येणार नाहीं, असें त्या वेळचे जाणते लोक म्हणत. कॅलथ्रॉपनें उत्तर दिलें कीं, कोणत्याही एका आंसावर पांच टनांपेक्षां अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, मग तें इंजिन असो कीं मालाचा डबा. भार अनेक आंसांवर सारखा वांटला म्हणजे हलके रूळही पुष्कळ माल वाहतात. बार्शीच्या बाजाराचा माल आणि पंढरीचे वारकरी त्या रुळांवरून शंभराहून अधिक वर्षें गेले. चालू शतकाच्या पहिल्या दशकांत तो मार्ग रुंद झाला आणि धाराशिव शहराला स्टेशन मिळालें. चाकाला किती पेलवेल हें आधीं ठरवून मग गाडी बांधणारे कारागीर थोडे असतात. कॅलथ्रॉप त्यांपैकीं एक होता.

रबराची कथा दूरची आहे, म्हणून ती थोडक्यांत सांगितलेली बरी. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत तडकून जाई. गंधकाबरोबर तापविलें असतां तें टिकाऊ होतें, हें अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर ह्यास १८३९ मध्यें आढळलें. हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट रॉबर्ट टॉमसन ह्या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ मध्येंच घेतलें होतें; पण तेव्हां सायकल नव्हती, मोटार नव्हती, आणि घोडागाडीवाल्यांना त्याची गरज भासली नाहीं. बेल्फास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तीच कल्पना पुन्हां शोधून काढली व १८८८ मध्यें तिचें पेटंट घेतलें. पहिले टायर फिकट रंगाचे असत. काजळीची बारीक पूड मिसळल्यानें रबर कितीतरी पटीनें कमी झिजतें, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं कळलें आणि तेव्हांपासून टायर काळा झाला. हल्लीं त्या मिश्रणांत सिलिका नांवाची वाळूच्या जातीची पूडही घालतात. तिनें ओल्या रस्त्यावरची पकड सुधारते.

निजाम राज्यांत रेल्वेखात्यानेंच १९३२ मध्यें २७ गाड्या घेऊन सरकारी बससेवा सुरू केली आणि रबरी चाक हळूहळू जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरूं लागलें. थोड्याच वर्षांनीं ह्या रबराची किंमत लोकांना चांगलीच कळली. १९४२ च्या आरंभीं जपाननें मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतलें; जगाच्या रबराचा फार मोठा भाग तेथून येत असे. देशांत टायर दुर्मिळ झाले, त्यांवर सरकारी नियंत्रण आलें, आणि मोटारवाले झिजलेल्या टायरवर नवें रबर चढवून तेच पुन्हां वापरूं लागले. त्या काळीं तो काटकसरीचा उत्तम उपाय होता. परंतु तीच काटकसर आज कोणी मोटारसायकलीच्या चाकावर करूं पाहील तर तें धाडस होय. चार चाकांच्या गाडीचा एक टायर सोलून निघाला तर तिला तीन उरतात. दुचाकीला उरतें एक, आणि तेंही उभें राहात नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य सोलापुराहून निघून ह्या जिल्ह्यांत शिरलें आणि पहिल्याच दिवशीं नळदुर्ग त्याच्या हातीं आला. त्याच सडकेवरून आज पुणें-हैदराबाद महामार्गाची अहोरात्र वाहतूक चालते. पुढें साखर कारखाने निघाले, ऊंस वाढला, आणि बैलगाडीनें लोखंडी धांव टाकून मोटारीचें रबरी चाक घातलें. तिला लोक टायरगाडी म्हणतात. इंजिनियर आणि शेतकरी ह्यांचें जुनें भांडण अशा रीतीनें परस्पर मिटलें. सडक वांचली आणि ओढणेंही हलकें झालें. बैलांना मात्र त्याचा फायदा संपूर्ण मिळाला असें नाहीं. चाक हलकें चालूं लागल्याबरोबर मालकानें ऊंस अधिक भरला.

मोटारसायकल ह्या जिल्ह्यांत सामान्य माणसाच्या हातीं आली ती १९८० नंतरच्या दशकांत. मराठवाड्यांतच, वाळूज येथें, बजाजचा कारखाना १९८५ मध्यें सुरू झाला. त्याच वर्षीं यामाहाची आर-एक्स १०० बाजारांत आली. त्या गाडीचे टायर पुढें अडीच इंच आणि मागें पावणेतीन इंच रुंद. त्यांवर त्या पिढीनें तुळजापूरचा घाट चढला, लग्नाच्या वराती गांठल्या, दुधाचे क्यान वाहिले. अरुंद टायरमुळें गाडी रस्ता सोडते अशी तक्रार तेव्हां फारशी ऐकूं येत नसे, कारण वेगही बेताचा होता आणि रुंद टायर कोणी पाहिलेलाच नव्हता. २००१ मध्यें पल्सर आली, २००७ मध्यें तिच्या मोठ्या नमुन्यांना ट्यूब नसलेले टायर मिळाले, आणि २००८ मध्यें यामाहानें आर-१५ ही खरीखुरी लहान शर्यती मोटारसायकल भारतांत विकण्यास आरंभ केला.

ह्या आर-१५ ची हकीकत टायर निवडणारानें मुद्दाम लक्षांत ठेवावी. तिचा मागचा टायर १००/८०-१७ मापाचा होता. ह्या आंकड्यांचा अर्थ असा कीं, टायरची रुंदी १०० मिलिमीटर. बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या शेंकडा ८०, म्हणजे ८० मिलिमीटर. आणि चाकाच्या रिमचा व्यास १७ इंच. गाडी वळणावर इतकी सुरेख चाले कीं जाणत्यांनीं तिची वाखाणणी केली. परंतु मागून पाहणाराला तो टायर सायकलीसारखा बारीक दिसे. पुष्कळ मालकांनीं त्या जागीं ११० किंवा १२० मिलिमीटरचे टायर बसविले. २०११ मध्यें कंपनीनें दुसरी आवृत्ति काढली आणि तींत मागचा टायर १३० मिलिमीटरचा दिला. मालकांचेंच म्हणणें खरें ठरलें असें त्यांना वाटलें.

तें पूर्णपणें खरें नव्हतें. कंपनीनें टायर तेवढा बदलला नाहीं. मागचें चाक धरणारी स्विंगआर्म नवी, ॲल्युमिनियमची दिली. दोन चाकांमधलें अंतर १२९० मिलिमीटरवरून १३४५ वर नेलें. पुढचा टायरही ८० चा ९० केला. सुतार, लोहार आणि गाडीवान ह्या तिघांनीं एकत्र बसून नवी गाडी करावी तशी ती गोष्ट होती. उलट ज्यांनीं जुन्याच रिमवर १२० चा टायर चढविला, त्यांनीं धांव रुंद केली, चाक तेंच ठेवलें.

त्याचा परिणाम काय होतो, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. रिमच्या मानानें टायर फार रुंद असला म्हणजे त्याच्या दोन्ही कडा रिममध्यें चिमटल्या जातात आणि माथा गोल राहण्याऐवजीं टोंकदार होतो. सरळ जातांना रस्त्याला लागणारा भाग उलट कमी होतो; वळणावर गाडी कलली कीं ती त्या टोंकावरून बाजूच्या उतारावर एकदम पडल्यासारखी होते. पैसे जाडीचे दिले, पकड मात्र कमी आली. शिवाय १००/८० चा टायर जमिनीपासून माथ्यापर्यंत सुमारें ५९२ मिलिमीटर भरतो, तर १२०/८० चा सुमारें ६२४. चाक शेंकडा पांचांनीं मोठें झालें. म्हणजे गिअरही तितकाच जड झाला. दीडशें घनसेंटिमीटरच्या यंत्राला घाटांत दोघांना ओढतांना तें जाणवतें. कधीं टायर साखळीला घासतो, कधीं चिखल भरल्यावर मडगार्डला.

आणि रुंद टायर अधिक जमीन धरतो, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. ओझें तेंच आणि हवेचा दाब तोच असेल तर रस्त्यावर टेंकलेल्या भागाचें क्षेत्रफळ जवळजवळ तेवढेंच राहतें. बदलतो तो त्याचा आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आडवा. मोठ्या यंत्राची ताकद मागच्या चाकांतून रस्त्याला द्यावयाची असेल तेव्हां आडव्या ठशाचा उपयोग होतो. लहान यंत्राला ती अडचण क्वचितच पडते. त्याचा मोठा गुण हलकेपणा, आणि जड टायर प्रथम त्याच गुणावर घाला घालतो.

तेव्हां निवड करावयाची कशी? रिमवर कोरलेली रुंदी आणि कंपनीनें दिलेलें टायरचें माप हीं प्रथम वाचावीं व शक्यतों तेंच माप घ्यावें. एक पायरी वर जावयाचें झालें तर टायर करणाऱ्या कंपनीनें त्या रिमला तें माप मान्य केलें आहे कीं नाहीं, हें तिच्या तक्त्यांत पाहावें. दुकानदाराच्या 'बसतो हो, सगळे बसवितात' ह्या आश्वासनावर विसंबूं नये. मापानंतर येणारा आंकडा ओझ्याचा आणि अक्षर वेगाचें असतें. ५२ ह्या आंकड्याचा अर्थ तो टायर २०० किलोग्रॅम पेलतो; पी ह्या अक्षराचा अर्थ ताशीं १५० किलोमीटरपर्यंत टिकतो. मूळ टायरपेक्षां हे दोन्ही कमी नसावेत. मागें बहीण, पुढें टांकीवर पिशवी आणि वाटेंत खड्डे, असा आठवड्याच्या बाजाराचा प्रवास ज्याला करावयाचा आहे त्यानें वेगाच्या अक्षराइतकेंच ओझ्याच्या आंकड्याकडे लक्ष द्यावें. बाजूच्या भिंतीवर लंबगोलांत चार आंकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. उन्हाळ्यांत पत्र्याच्या छपराखालीं तीन-चार वर्षें टांगलेला टायर नवा म्हणून विकला जातो. त्याचें रबर बाहेरून चकाकतें आणि आंतून कडक झालेलें असतें. २०११ पासून टायरवर आयएसआयची खूण सक्तीची आहे, तीही पाहावी.

रेडियल कीं साधा, हा प्रश्न नेहमीं निघतो. साध्या टायरमध्यें कापडाचे धागे तिरपे, एकावर एक असे जातात. रेडियलमध्यें ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात आणि वरून पट्टा असतो. मिशेलिननें मोटारीसाठीं रेडियलचें पेटंट १९४६ मध्यें घेतलें. मोटारसायकलीला तो १९८० नंतरच्या दशकांत मिळाला. रेडियल कमी तापतो, वेगांत स्थिर राहतो, आणि त्याची किंमत अधिक असते. दुसऱ्या आर-१५ ला कंपनीनें मागें रेडियल व पुढें साधा दिला होता. ती जोडी चालते. पुढें रेडियल आणि मागें साधा अशी उलटी जोडी मात्र करूं नये. साध्या टायरवर बनविलेल्या लहान गाडीनें चांगला साधा टायर घातला तर तिचें कांहींएक बिघडत नाहीं.

रबराचा मऊपणा हा ह्याहून महत्त्वाचा. मऊ रबर रस्ता अधिक धरतें आणि लवकर झिजतें. कडक रबर दीड-दोनपट टिकतें, पण पहिल्या पावसांत घसरतें. धाराशिवच्या तरुणानें आपला रस्ता डोळ्यांपुढें आणावा. चैत्र-वैशाखांत डांबर मऊ होण्याइतकें ऊन. त्यानंतर काळ्या रानांतून ट्रॅक्टर सडकेवर येतात आणि चाकांनीं आणलेली माती टाकून जातात. तीवर पावसाची भुरभुर आली कीं लोण्यासारखा थर होतो. मुसळधार पावसापेक्षां ही भुरभुर वाईट, कारण मुसळधार पाऊस निदान तो थर धुऊन नेतो. गळीत हंगामांत उंसाच्या ट्रॉल्यांतून पडलेलें पाचट, घाटांत वळणावर आलेली वाळू, आणि नवरात्रांत तुळजापुराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची दाटी, हीं निराळींच. अशा ठिकाणीं शर्यतीच्या मैदानासाठीं केलेला जवळजवळ गुळगुळीत टायर दिसावयास कितीही देखणा असला तरी परका आहे. मधोमध रबर सलग, बाजूंना चिखल-पाणी बाहेर काढणाऱ्या खोल चरी, आणि ओल्या रस्त्याची ख्याति असलेलें मिश्रण, एवढें त्याला पुरे. डोंगरी गाडीचा ठोकळ्यांचा टायर घालणेंही तितकेंच चुकीचें. तो मातींत चालतो आणि डांबरी वळणावर ठोकळे वांकून गाडी हलते.

पुढच्या टायरचा विचार फार थोडे करतात. मागचा लवकर झिजतो म्हणून तो दोनदां बदलला जातो आणि पुढचा सहा-सात वर्षें तसाच फिरतो. परंतु ब्रेक दाबला कीं गाडीचा भार पुढें झुकतो आणि थांबविण्याचें बहुतेक काम पुढचें चाक करतें. मागचें चाक घसरलें तर हुशार माणूस गाडी सांवरूं शकतो. पुढचें घसरलें तर सांवरण्यास वेळच मिळत नाहीं. कायद्यानें दुचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरपर्यंत झिजूं देण्यास मुभा आहे. ही मर्यादा कोरड्या रस्त्यासाठीं ठीक. पावसाळ्यापूर्वीं त्याच्या बरीच आधीं टायर बदललेला बरा. पैसे एकाच टायरपुरते असतील आणि पुढचा जुनाट, भेगा पडलेला असेल, तर मागची रुंदी वाढविण्याचा बेत सोडून ते पुढच्या टायरला द्यावेत. हा सल्ला तरुणांना आवडत नाहीं, कारण पुढचा टायर कोणी मागून पाहात नाहीं.

हवेसंबंधीं एक गैरसमज ह्या भागांत घर करून आहे. उन्हाळ्यांत टायर फुटूं नये म्हणून लोक हवा कमी भरतात. हवा कमी झाली कीं टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला अधिक वांकतात, वांकल्यानें तापतात, आणि तापल्यानेंच फुटतात. कंपनीनें सांगितलेला दाब सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं, टायर थंड असतांना भरावा. मागें माणूस बसणार असेल तर त्यासाठीं सांगितलेला जादा दाबही भरावा.

निवड झाली म्हणजे बसविणाराचें काम सुरू होतें. तो रिमच्या कडा घासून स्वच्छ करतो, ट्यूब नसलेल्या टायरला नवा व्हॉल्व्ह लावतो, साबणाचें पाणी फासतो, आणि भिंतीवरील बाणाची दिशा चाकाच्या फिरण्याशीं जुळवून टायर चढवितो. हवा भरतांना कडा रिमच्या खोबणींत बसल्याचे दोन ठणठणीत आवाज येतात. ते दोन्ही बाजूंनीं ऐकूं आले पाहिजेत. नव्या टायरचा पृष्ठभाग सांच्यांतून निघालेला, गुळगुळीत असतो. तो जरा खरखरीत होईपर्यंत, म्हणजे पहिले दीडशें किलोमीटर तरी, गाडी एकदम कलवूं नये आणि ब्रेक एकदम दाबूं नये. धाराशिवाहून येडशीपर्यंत आणि परत अशा सरळ सडकेवरच्या चार-दोन फेऱ्या ह्या कामाला चांगल्या. तुळजापूरचा घाट त्यानंतर.

उतरविलेला टायर दुकानदार भिंतीला टेंकवून ठेवतो. संध्याकाळपर्यंत शेजारचा एखादा मुलगा तो मागून नेतो, आणि हातांत काठी घेऊन, मधूनमधून तडाखे देत, गल्लीच्या उतारावरून पळवूं लागतो.